पहिले पगारपत्रक वाचताना

पहिल्या पगाराबाबतच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ एकच असते: मुलाखतीत ठरलेली रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम या मुळात वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणी समजावून सांगितलेले नसते. म्हणून पगारपत्रक हाती आले की ते नेमणूकपत्राशेजारी ठेवूनच वाचावे.

मुलाखतीत बहुधा सीटीसी सांगितला जातो, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा वर्षभरात होणारा एकूण खर्च. निवृत्तिनिधीतील कंपनीचा वाटा, विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही अनेकदा त्यात धरलेली असते. त्यामुळे सीटीसीला बाराने भागून महिन्याचा पगार काढू नये. मूळ वेतन आणि भत्ते यांची बेरीज म्हणजे एकूण वेतन, अर्थात ग्रॉस. त्यातून कर, निधीतील तुमचा वाटा, घेतलेली उचल अशा कपाती वजा जाता उरते ते निव्वळ वेतन. यांपैकी मूळ वेतनाकडे अधिक बारकाईने पाहावे, कारण निधीचा वाटा आणि नोकरी सोडतानाची काही देणी अनेक ठिकाणी त्यावरच मोजली जातात. प्रवासखर्चाची प्रतिपूर्ती मात्र पगार नव्हे. ते तुमच्याच खिशातून गेलेले पैसे असतात आणि बिल हरवले तर ते बहुधा परत येत नाहीत.

खरी गफलत होते ती दिवसांच्या हिशेबात. समजा, एकूण वेतन 30,000 आहे आणि तुम्ही तीस दिवसांच्या महिन्यात 12 तारखेला रुजू झालात. कामाचे दिवस 19 धरले जातील आणि वेतन 19,000 निघेल. पण बिनपगारी रजा कापताना हेच 30,000 कुठे 30 ने भागतात, कुठे 26 ने. पहिल्या पद्धतीत एका दिवसाचे 1,000 जातात, तर दुसऱ्या पद्धतीत सुमारे 1,154. शिवाय शुक्रवार आणि सोमवार अशी रजा घेतल्यास मधले शनिवार-रविवारही रजेत मोजण्याचा नियम काही ठिकाणी असतो. त्याला कार्यालयीन बोलीत सँडविच रजा म्हणतात, आणि तिची ओळख बहुतेकांना पगार कापला गेल्यावरच होते. रजेचा अर्ज करण्यापूर्वी हे दोन नियम विचारून घ्यावेत.

प्रोबेशन म्हणजे परिवीक्षेचा काळ. तो संपला की आपण आपोआप कायम झालो असे गृहीत न धरता तसे पत्र मागून घ्यावे. नोटीस पीरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करण्याची मुदत, परिवीक्षेत कमी आणि कायम झाल्यावर जास्त असू शकते. ती अपुरी राहिल्यास उरलेल्या दिवसांचे वेतन अंतिम हिशेबातून वळते करण्याची तरतूदही नेमणूकपत्रात असू शकते.

कपातीबद्दल विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1949 च्या वेतनसंरक्षण करारातही कामगाराला रुजू होण्यापूर्वी वेतनाच्या अटी कळवाव्यात आणि कपात कायद्याने, सामूहिक कराराने किंवा लवादाच्या निवाड्याने घातलेल्या मर्यादेतच व्हावी, असे म्हटले आहे. प्रश्न तोंडी न विचारता ईमेलने विचारावा, आणि ‘पगार कमी आला’ असे मोघम न लिहिता नेमके लिहावे: ‘माझ्या पगारपत्रकात दोन दिवसांची बिनपगारी रजा दिसते, त्या तारखा कोणत्या आणि एका दिवसाचा दर कसा काढला, हे कृपया कळवावे.’