पार्टनर आयडी जोडूनही ग्राहकाचा अझुर वापर आमच्या नावावर दिसत नव्हता: माझा अनुभव

लक्षण असे होते की, पार्टनर अ‍ॅडमिन लिंकची (मायक्रोसॉफ्टच्या अझुर या क्लाउड सेवेत ग्राहकाचा वापर भागीदार कंपनीच्या नावे नोंदवणारी सोय) जोडणी यशस्वी झाल्याचे पोर्टल दाखवत होते, तरीही एका ग्राहकाचा अझुर वापर पार्टनर सेंटर या मायक्रोसॉफ्टच्या भागीदारांसाठीच्या पोर्टलच्या अहवालात आमच्या नावे येत नव्हता. आयडी पुन्हा भरून पाहिला, ग्राहकाकडून अझुरमधील भूमिका, म्हणजे परवानग्या, नव्याने घेतली. उपयोग झाला नाही. काम चोख होत असताना त्याची नोंदच नसणे फार जिव्हारी लागते.

ही जोडणी कंपनीशी नव्हे, तर विशिष्ट टेनंटमधील (अझुरमधील एका संस्थेची स्वतंत्र डिरेक्टरी) विशिष्ट ओळखीशी, म्हणजे लॉगिन खात्याशी, होते, आणि आमची जोडणी आमच्याच टेनंटमध्ये नोंदली गेली होती. म्हणून प्रथम ग्राहकाने दिलेल्या अतिथी खात्याने अझुर पोर्टलमध्ये लॉगिन केले आणि ‘स्विच डिरेक्टरी’मधून ग्राहकाची डिरेक्टरी निवडली. त्यानंतरच ‘लिंक टू अ पार्टनर आयडी’ हे पान उघडून पार्टनर सेंटरमधील लोकेशन आयडी (कंपनीच्या विशिष्ट ठिकाणाच्या खात्याचा क्रमांक) भरला. जागतिक खात्याचा आयडी येथे चालत नाही. शेवटी, स्वयंचलित डिप्लॉयमेंट ज्या सर्व्हिस प्रिन्सिपलने (माणसाऐवजी प्रोग्रामसाठीचे खाते) होते, त्याच्याच ओळखीने अझुर सीएलआयमध्ये (आज्ञा टाइप करून अझुर चालवण्याचे साधन) लॉगिन करून ‘मॅनेजमेंट पार्टनर’ एक्स्टेंशनच्या ‘क्रिएट’ आज्ञेने तोच आयडी जोडला आणि ‘शो’ आज्ञेने नोंद तपासली. माणसाच्या खात्याची जोडणी सर्व्हिस प्रिन्सिपलला लागू होत नाही, ही बाब सहज निसटते.

पुढील अहवालात वापर दिसू लागला. ग्राहक संकोचत असतील तर त्यांना स्पष्ट सांगावे की या जोडणीमुळे आधी दिलेल्या परवानग्यांपलीकडे कोणताही नवा अधिकार मिळत नाही.