धायटीच्या फुलांतले फिनॉल मोजताय? या चुका टाळा

हिवाळा सरता सरता त्र्यंबक, हरसूल, पेठच्या डोंगरउतारांवर धायटी लालभडक फुलते. आसव-अरिष्टांत घालतात ती हीच फुलं. त्यात टॅनिन (फिनॉल गटातली तुरट द्रव्यं) भरपूर, म्हणून फिनॉल आणि अँटिऑक्सिडंट क्षमता मोजण्याच्या प्रकल्पासाठी निवडायला ती चांगलीच. पण हा लाल रंग आणि हे भरपूर टॅनिन, दोन्ही आकडे बिघडवतात.

आधी रंगाचं बघू. अँटिऑक्सिडंट क्षमता तपासताना डीपीपीएच या रसायनाचं जांभळं द्रावण अर्कामुळे किती फिकं पडलं, हे आपण ५१७ नॅनोमीटरवर मोजतो. धायटीचा लाल अर्कही त्याच पट्ट्यात प्रकाश शोषतो. मग डीपीपीएच संपलं तरी रीडिंग पुरेसं खाली येत नाही आणि चांगला अर्क उगाच कमजोर ठरतो. नुसत्या मिथेनॉलवर शून्य लावून भागत नाही. प्रत्येक तीव्रतेसाठी डीपीपीएच न घातलेला, अर्क आणि मिथेनॉलचा वेगळा ब्लँक (तुलनेची नळी) ठेवा आणि त्याचं रीडिंग वजा करा. नळ्या वाढतात, वेळ जातो, तरीही हे टाळू नका असं मी हट्टाने सांगेन.

आता टॅनिनचं. सगळ्या नळ्या पिवळ्या पडल्या आणि प्रत्येकीत नव्वद टक्के क्षमता दिसली, तर आनंदून जाऊ नका. अर्क फार दाट झालाय. त्या सपाट रेषेवरून आयसी५० (निम्मं डीपीपीएच संपवणारी अर्काची तीव्रता) काढता येत नाही. उत्तरं साधारण २० ते ८० टक्क्यांत पसरतील इतका अर्क पातळ करा. द्रावण गढूळ दिसलं तर पाणी जास्त झालंय, कारण डीपीपीएच पाण्यात विरघळत नाही.

एकूण फिनॉल मोजायला फोलिन नावाचं अभिकर्मक वापरतात; त्या फोलिन चाचणीत क्रम महत्त्वाचा. आधी अर्कात फोलिन, काही मिनिटांनी सोडियम कार्बोनेट. उलट केलंत तर अल्कलीत फोलिन लवकर निकामी होतं आणि निळा रंग कमी येतो. बाटलीतलं पिवळं फोलिन हिरवट झालं असेल तर ते वापरू नका. पांढरा साका दिसला तर सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण ७६५ नॅनोमीटरवर वाचा. आणि हा निळा रंग एकट्या फिनॉलचा नसतो. क जीवनसत्त्व, काही साखरा, प्रथिनंही त्यात भर घालतात.

फुलं सावलीत वाळवा. बाजारातली फुलं किती जुनी आहेत, हे कळायला मार्ग नसतो, म्हणून शक्यतो स्वतः गोळा केलेली घ्या. पण झुडपं ओरबाडू नका.

सर्वांत मोठा घोळ एककांचा. समजा, १ ग्रॅम वाळल्या फुलांतून २५० मिलिग्रॅम अर्क निघाला आणि एक ग्रॅम अर्कात गॅलिक आम्लाच्या (तुलनेसाठी प्रमाण म्हणून घेतात ते फिनॉल) हिशेबाने २०० मिलिग्रॅम फिनॉल भरले. मग एक ग्रॅम फुलांमागे ते फक्त ५० मिलिग्रॅम होतात. एकाने अर्कावर, दुसऱ्याने फुलांवर काढलेले आकडे शेजारी ठेवून तुलना करणं चूकच. प्रबंधात दोन्ही द्या आणि कोणता कशाचा ते तक्त्याच्या शीर्षकातच लिहा.