दहा मिनिटं, एक टेबल, दोन वायरी: ओपन माइकला इलेक्ट्रॉनिक वाजवायचं असेल तर

पुण्यामुंबईत घरी बसून ट्रॅक बनवणारी पोरंपोरी आता भरपूर आहेत, लॅपटॉपमध्ये अर्धवट प्रोजेक्टचा ढीग पडलेला असतो, पण चार लोकांसमोर वाजव म्हटलं की सगळं तिथेच अडतं. आणि मग मला जे मेसेज येतात त्यात प्रश्न बहुतेक गिअरचेच, कुठला कंट्रोलर (सॉफ्टवेअर हाताने चालवायची नॉब-बटणांची पाटी) घेऊ, कुठला सिंथ (सिंथेसायझर) घेऊ, सेकंडहँड चालेल का. माझं स्पष्ट मत आहे की ओपन माइकसाठी, म्हणजे जिथे नाव नोंदवून कोणीही दहाएक मिनिटं सादर करू शकतं तिथे, गिअर नंतर येतं. आधी हे ठरवा की त्या दहा मिनिटांत तुम्ही हाताने नक्की काय बदलणार आहात, आणि ते बदललेलं समोर चहा पीत बसलेल्या माणसाला ऐकू येणार आहे का.

जरा हिशोब करून बघा. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) एक बार, म्हणजे चार ठोके, दोन सेकंदांचा, म्हणजे दहा मिनिटांत ३०० बार. ऐकायला खूप वाटतात, पण १६ बारचा एक सेक्शन धरला तर तो ३२ सेकंदांत संपतो, आणि असे अठराएकोणीस सेक्शन झाले की तुमची वेळ संपली. ह्यात चार ट्रॅक कोंबायला जाऊ नका. एक कल्पना घ्या, फार तर दोन, आणि ती नीट फुलवा.

मी सध्या जे वाजवते त्यात मुख्य माल म्हणजे हलगीचं एक रेकॉर्डिंग. गावच्या जत्रेत फोनवर घेतलेलं, वाजवणाऱ्या काकांना विचारून. हलगी काही क्लिकवर (मेट्रोनोमवर) वाजवलेली नसते, त्यामुळे मोठा तुकडा घेतला की तो हळूहळू ग्रिडवरून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मोजलेल्या ठेक्यावरून, घसरायला लागतो, म्हणून त्यातले फक्त दोन बार कापून सॅम्पलरला (रेकॉर्डिंगचे तुकडे वाजवणाऱ्या यंत्राला) टाकलेत. सुरुवातीला तेवढंच, दुसरं काही नाही, आणि लो-पास फिल्टर (फक्त खालचे सूर जाऊ देणारा) जवळजवळ मिटलेला, म्हणजे नुसता दबका ठोका येतो, मिरवणूक अजून दोन गल्ल्या पलीकडे असावी तसा. मग ३२ बारभर तो नॉब सावकाश उघडत न्यायचा. मध्येच कुठेतरी कातड्यावरच्या काठीचा तो कडक आवाज फुटतो आणि लोकांना कळतं की अरे ही तर हलगी, माना वर होतात, कोणीतरी शेजारच्याला कोपर मारतं. तिथपर्यंत किक (बास ड्रमचा ठोका) टाकायची नाही, कितीही हात शिवशिवले तरी. किक आली की सोळा बार वाजू द्यायची आणि मग काढून घ्यायची, कारण किक येण्यापेक्षा ती गेलेली लोकांना जास्त जाणवते आणि परत आली की पाय आपोआप हलतात. एवढंच करते मी, एक फिल्टर, तीन म्यूट, शेवटी थोडा डिले (प्रतिध्वनी). पण प्रत्येक हालचाल ऐकू येते.

हाताकडे पण लक्ष द्या. लॅपटॉपच्या मागे मान खाली घालून उभं राहिलं की लोकांना वाटतं ह्याने प्ले दाबलंय आणि उभा आहे, आणि त्यांची काही चूक नाही, त्यांना दिसतच नाही ना काय चाललंय. लॅपटॉप बाजूला सरकवा, कंट्रोलर पुढे आणा आणि त्याच्या मागच्या कडेखाली एखादं जाडजूड पुस्तक ठेवून तो लोकांकडे उतरता करा. गिटारवाल्याची बोटं दिसतात तशी तुमची पण दिसली पाहिजेत.

कॅफेमधल्या मिक्स ओपन माइकला तुमच्या आधी कोणीतरी गझल वाचलेली असते आणि नंतर स्टँडअप असतं. तिथे पहिल्या सेकंदाला फुल लेव्हलची किक मारली की लोक कपाळाला आठ्या घालतात. शांत सुरू करा आणि आधी एक वाक्य बोला, मराठीत बोललात तरी काही बिघडत नाही: नमस्कार, हे आमच्या जत्रेतल्या हलगीचं रेकॉर्डिंग आहे, त्याच्याशी मी आता थोडं खेळणार आहे. बास. सॉफ्टवेअर कुठलं, प्लगइन कुठलं, हे सांगू नका. फक्त इलेक्ट्रॉनिकवाल्यांचा जॅम असेल तर मात्र उलटं, तिथे सेट झाल्यावर लोक स्वतःच टेबलाभोवती जमतात आणि हेच सगळं विचारतात, तेव्हा हातचं न राखता सांगा. आणि नाव नोंदवताना एक विचारून घ्या, की हा ओपन माइक आहे का ओपन डेक. ओपन डेक डीजेंसाठी असतो, तिथे पेन ड्राइव्ह घेऊन जायचं असतं, सिंथ मांडायला टेबलच नसतं.

आता साउंड, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण चांगले चांगले सेट इथेच मातीत गेलेले बघितलेत. सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार असा: मुलगा लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून ३.५ एमएमची स्टिरिओ वायर काढतो आणि दुसऱ्या टोकाचा मोठा ६.३५चा स्टिरिओ जॅक थेट मिक्सरच्या एका चॅनेलला लावतो. तो चॅनेल बॅलन्स्ड असतो, म्हणजे एका पिनवरच्या सिग्नलमधून तो दुसऱ्या पिनवरचा वजा करतो. तुमचं लेफ्ट एका पिनवर, राइट दुसऱ्या. दोन्हीकडे जे सारखं आहे ते सगळं वजाबाकीत उडतं, आणि सारखं काय असतं तर किक, बेस, व्होकल. उरतो फक्त रिव्हर्बचा, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाचा, धूर. पोरगं बिचारं व्हॉल्यूम वाढवत बसतं, साउंडवाला दादा चॅनेल बदलून बघतो आणि त्यात पाच मिनिटं जातात. ह्याला उपाय म्हणजे एका स्टिरिओ जॅकमधून दोन मोनो जॅक निघणारी वाय केबल आणि दोन चॅनेल. किंवा सरळ मास्टर, म्हणजे शेवटी बाहेर पडणारा एकत्र आवाज, मोनो करा (लेफ्ट-राइट एकच) आणि साध्या मोनो वायरीने एका डीआय बॉक्समध्ये (सिग्नल बॅलन्स्ड करून मिक्सरला देणाऱ्या डबीत) जा. बऱ्याच कॅफेंत स्पीकर मोनोतच जोडलेले असतात, त्यामुळे घरीच एकदा सगळं मोनोत ऐका, काय काय गायब होतंय ते कळेल. ही केबल पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळते, दोन घ्या.

दुसरा त्रास म्हणजे गुणगुण. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अर्थिंगचा घोळ झाला की त्याच सुरात हं असा आवाज सुरू होतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, आवाज गेला तर कारण सापडलं. बॅटरी फुल चार्ज करून जा, आपलं सगळं सामान एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा आणि डीआयचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे ऑडिओ वायरीतली ग्राउंडची जोडणी तोडणारं, बटण दाबायला सांगा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीच काढायची नाही, कोणी कितीही अनुभवी माणूस म्हणाला तरी नाही, शॉक लागू शकतो.

बेसबद्दल थोडंसं. छोट्या जागेत बारा किंवा पंधरा इंची स्पीकरची जोडी असते, सबवूफर नसतो. तुमचा चाळीस हर्ट्झचा सुंदर सब, म्हणजे अगदी खालचा बेस, तिथे कोणालाच ऐकू जाणार नाही, म्हणून बेसवर थोडं सॅच्युरेशन (हलकं डिस्टॉर्शन) टाका, वरचे हार्मोनिक्स, म्हणजे त्या सुराच्या पटीतले वरचे सूर, आले की कान खालचा सूर स्वतःच भरून काढतो. आणि मास्टरचं पीक वजा सहा डीबीच्या आसपास राहू द्या, आवाज वाढवायचं काम दादांचं.

गिअर विचारलंच आहे म्हणून सांगते. लॅपटॉप, एबलटन लाइव्ह ह्या सॉफ्टवेअरचा सेशन व्ह्यू (तुकडे हवे तसे सुरू-बंद करायचा पडदा) आणि आठ नॉबवाला कुठलाही कंट्रोलर पुरतो. लॅपटॉप नको असेल तर कॉर्ग कंपनीच्या व्होल्का, म्हणजे छोट्या सिंथ आणि ड्रम मशीन, त्या २०१३ला आल्या तेव्हापासून नवशिक्यांच्या लाडक्या आहेत, सहा एए सेलवर चालतात आणि सिंक वायरीने एकमेकींना जोडून एकाच लयीत चालवता येतात. पण एक सावधगिरी, व्होल्काचा ९ व्होल्टचा अडॅप्टर सेंटर पॉझिटिव्ह (मधली पिन प्लस) असतो आणि गिटार पेडलचे बहुतेक सेंटर निगेटिव्ह, त्यामुळे शेजारच्या गिटारवाल्याचा उसना घेऊन खुपसू नका. लॅपटॉपवाल्यांनी एअरप्लेन मोड टाका, स्लीप बंद करा, आणि आवाज तुटत असेल तर बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज बाहेर सोडण्याआधी साठवतो तो तुकडा, वाढवा. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पल म्हणजे सहाएक मिलिसेकंदांचा उशीर, ५१२ म्हणजे बाराएक, नॉब फिरवणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, पॅडवर बोटांनी ड्रम वाजवणाऱ्याला पडतो.

हे सगळं परदेशी आहे, आपलं नाही, असं कोणी म्हणालं तर त्यांना चरणजित सिंग सांगा. हिंदी सिनेमात वाजवणारे मुंबईचे सेशन म्युझिशियन, त्यांनी १९८२ मध्ये रोलंडचं ८०८ ड्रम मशीन, ३०३ बेस मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथ घेऊन डिस्को ठेक्यावर राग वाजवले आणि रेकॉर्ड काढली, शिकागोत त्याच ३०३मधून अ‍ॅसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार निघायच्या आधी. तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक वेडे झाले. मला ही गोष्ट मनापासून महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडचं सुरांचं आणि ठेक्याचं भांडार घेऊन ह्या मशीनपाशी जायला कोणाची परवानगी लागत नाही. फक्त दुसऱ्याचं सिनेमातलं गाणं कापून वापरू नका, व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की कॉपीराइटचा क्लेम येतो. स्वतः रेकॉर्ड करा.

टेरेस किंवा अंगणात कार्यक्रम असेल तर रात्री १०चा नियम लक्षात ठेवा, स्पीकर बंदच होतो, आणि आधीचे लोक लांबले की कात्री शेवटच्यावर पडते. म्हणून त्याच सेटची पाच मिनिटांची आवृत्ती पण बसवून ठेवा, कुठला भाग गाळायचा हे घरी ठरलेलं असू द्या. आपलं झालं की टाळ्या घ्या, आधी दादांना चॅनेल म्यूट करायला सांगा आणि मगच वायर उपटा, नाहीतर स्पीकरमधून जो धडाम आवाज येतो त्याने सगळे दचकतात. सामान आहे तसं उचलून कोपऱ्यात न्या, वायरी तिथे गुंडाळा.

सेट लॅपटॉपमध्येच रेकॉर्ड करा आणि शिवाय मित्राला मागच्या खुर्चीवरून फोनवर घ्यायला सांगा. दोन्ही ऐका. फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये लोक कुठे बोलायला लागतात ते कळतं, बहुतेक वेळा तिथे तुम्ही चोवीसबत्तीस बार काहीच बदललेलं नसतं. पुढच्या वेळी आयोजकांकडे अर्ध्या तासाचा स्लॉट मागायचा असेल तर ह्यातलंच बरं रेकॉर्डिंग पाठवा आणि मेसेजमध्ये तीन गोष्टी लिहा: किती जागेचं टेबल लागेल, किती चॅनेल आणि डीआय लागतील, मांडायला किती मिनिटं लागतील. एवढं लिहिणारा माणूस त्यांना लगेच आवडतो.