ऑटोमॅटिक थार-जिम्नी डांबरी रस्त्यावर सुस्त का वाटते? या चुका टाळा

नाशिकला बनणारी दुसऱ्या पिढीची थार २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आली, पाच दारांची जिम्नी जून २०२३ मध्ये. या दोन गाड्यांनी ऑटोमॅटिक फोर बाय फोर घराघरांत नेली. थारला टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) सहा गिअरचा बॉक्स आहे, जिम्नीला चार गिअरचा. दोन्हींना लॅडर फ्रेम (शिडीसारखी लोखंडी चौकट), मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरती लावायची फोर-व्हील ड्राइव्ह.

वर्षभरानंतरच्या तक्रारीही ठरलेल्या असतात: हायवेला ओढत नाही, ८०-९० ला स्टिअरिंग थरथरतं, गिअर सारखा वर-खाली होतो, इंधन जास्त जातं. दोष गिअरबॉक्सवर ढकलला जातो. बहुतेक वेळा कारण मात्र दुसरंच असतं. एक तर मालकाने हौसेने काहीतरी बसवलेलं असतं, नाही तर डोंगरातून परतल्यावर काहीतरी पूर्ववत करायचं राहून गेलेलं असतं. म्हणून गिअरबॉक्स उघडायच्या आधी खालच्या गोष्टी तपासा.

हवा कमी केली, पुन्हा भरलीच नाही

वाळूत किंवा दगडांत हवा १८-२० पीएसआयवर आणणं बरोबरच आहे. पण त्याच हवेवर शंभर किलोमीटर डांबरावर घर गाठणं म्हणजे टायरची बाजू उकळत ठेवणं. स्टिअरिंग जड होतं, गाडी वळणावर उशिरा वळते, रोलिंगचा विरोध वाढल्याने गिअरबॉक्स खालचा गिअर धरून बसतो. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर गाडीतच ठेवा आणि डांबर लागताच, निघण्याआधी हवा भरा. आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा घ्या आणि टायर थंड असताना पुन्हा मोजा.

वेगळ्या बांधणीचे जाड टायर घातले असतील तर स्टिकरचा आकडा तंतोतंत लागू पडत नाही. तेव्हा खडूची युक्ती वापरा. टायरच्या पूर्ण रुंदीवर खडूने आडवी जाड रेघ ओढा आणि सपाट डांबरावर सरळ शंभर मीटर चालवा. मधला खडू आधी पुसला गेला तर हवा जास्त, कडांचा आधी गेला तर कमी. दोन-दोन पीएसआय बदलत रेघ सारखी पुसली जाईपर्यंत जा.

मोठे टायर आणि बिघडलेलं गणित

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे, त्यामुळे हिच्याकडे जरा सविस्तर बघू.

थारच्या १८ इंची टायरचं माप २५५/६५ आर१८. व्यास साधारण ७८९ मिलिमीटर. त्या जागी हौसेने घातला जाणारा २८५/७० आर१७ भरतो ८३१ मिलिमीटर. फरक सव्वापाच टक्के. जिम्नीचा मूळ १९५/८० आर१५ आहे ६९३ मिलिमीटरचा, तर २३५/७५ आर१५ जवळपास ७३४ चा, म्हणजे पावणेसहा टक्के मोठा.

आकडा छोटा दिसतो, पण परिणाम तिहेरी होतो. एक, सगळे गिअर तितके टक्के लांब होतात. उभं राहून निघताना चाकावर पोहोचणारा जोर तेवढा कमी. दोन, एका टायरमागे पाच-सात किलो सहज वाढतात आणि ते वजन फिरणारं असतं. ते वेगात आणायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट. तीन, स्पीडोमीटर खोटा बोलतो. काटा शंभरवर असतो तेव्हा प्रत्यक्ष वेग १०५ च्या आसपास असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मर्यादा १०० ची आहे आणि कॅमेरा खरा वेग मोजतो.

ऑटोमॅटिकमध्ये याला चौथा पदर आहे. टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) ठरावीक वेग, गिअर आणि भार पाहून जोडला जातो. जोडला की घसरण थांबते, तेल थंड राहतं, इंधन वाचतं. मोठ्या टायरमुळे वरच्या गिअरमध्ये इंजिन कमी आरपीएमवर पडतं, किंचित चढ आला की बॉक्स खालचा गिअर घेतो, लॉक-अप सुटतो, सपाटी आली की पुन्हा जुळतो. ही ये-जा दिवसभर चालली की गिअरबॉक्सचं तेल तापतं आणि लवकर म्हातारं होतं.

उपाय? मूळ माप किंवा त्याच्या दोन टक्क्यांच्या आत राहा. जिम्नीला २१५/७५ आर१५ फक्त दीड टक्का मोठा आहे आणि चार गिअरच्या बॉक्सला तो झेपतो. वापर नव्वद टक्के डांबरावर असेल तर मड-टेरेनऐवजी (चिखलासाठीचे टायर) ऑल-टेरेन (सगळ्या रस्त्यांसाठीचे) घ्या; ओल्या रस्त्यावर ब्रेक लवकर लागतो आणि आवाजही निम्म्यावर येतो असं वाटेल. मोठेच टायर हवे असतील तर पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) क्राऊन-पिनियन, म्हणजे त्यातली मुख्य गिअरजोडी, बदलावं लागतं, तेही एकाच रेशोचं. एकच बदललं तर फोर-एच (चारही चाकांना जोर देणारा मोड) लावताच ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारा बॉक्स) जाईल. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल ध्यानात ठेवा. उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल आरटीओ आणि विमा, दोन्हीकडे अडचणीचा ठरू शकतो.

पाचही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले असू द्या. आठ-दहा हजार किलोमीटरला जागा बदला, स्टेपनीलाही फेऱ्यात घ्या.

थरथर सुरू झाली की लगेच अलाइनमेंटला धावणं

पावसाळी ट्रेलनंतर ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागलं, तर आधी रिमच्या आतल्या बाजूला हात फिरवा. तांबडी माती तिथे चिकटून वाळते आणि विटेसारखी घट्ट होते. पाण्याचा नुसता फवारा तिला हलवत नाही. भिजवून लाकडी पट्टीने खरवडावी लागते. मूठभर मातीही चाकाचा तोल घालवायला पुरेशी असते. आधी ती काढा, मग बॅलन्सिंग, आणि मगच अलाइनमेंट.

तरीही थरथर राहिली तर कारण असं शोधा. रिकाम्या सरळ रस्त्यावर थरथर येते तो वेग धरा आणि वेग तोच ठेवून मॅन्युअल मोडने एक गिअर खाली या. जिम्नीत लिव्हरवरचं ओव्हरड्राइव्हचं (सगळ्यात वरचा गिअर बंद करणारं) बटण दाबा. आरपीएम वाढूनही थरथर तशीच राहिली तर दोष चाकात, प्रोपेलर शाफ्टमध्ये (चाकांकडे जोर नेणारा दांडा) किंवा त्याच्या क्रॉसमध्ये (सांध्यात). आरपीएमबरोबर बदलली तर इंजिन नाहीतर माउंटिंग बघा. हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर, स्थिर वेगात, पत्र्याच्या पट्ट्यांवरून गाडी गेल्यासारखी बारीक कंपनं आली आणि ब्रेक पेडलला किंचित स्पर्श करताच ती थांबली, तर तो लॉक-अप क्लचचा शडर, म्हणजे क्लच घसरत-पकडत असल्याची थरथर आहे. तिथे अलाइनमेंटवर पैसे घालू नका. गिअरबॉक्सच्या तेलाकडे वळा.

कोरड्या डांबरावर फोर-एच

'चार चाकं ओढतायत म्हणजे पकड जास्त' हा समज पावसाळ्यात घाटाघाटांत दिसतो. या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नाही. फोर-एचमध्ये दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, पण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. हा फरक चिखलात चाकं घसरून निघून जातो. कोरड्या डांबरावर निघायला वाट नसते, म्हणून शाफ्ट पिळले जातात. गाडी वळणावर ब्रेक लागल्यासारखी अडते, टायर कुरकुरतात आणि लिव्हर टू-एचला (फक्त मागची चाकं) परत येत नाही. लिव्हरवर जोर करू नका. सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घ्या, पिळ सुटतो, लिव्हर आपसूक निघतो.

फोर-एलसाठी (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) गाडी पूर्ण थांबवा, पाय ब्रेकवर, गिअर एनमध्ये (न्यूट्रल), मग ट्रान्सफरचा लिव्हर. थारच्या ट्रान्सफर केसला स्वतःचा न्यूट्रल आहे. तो तिथे राहिला तर गिअर पीमध्ये (पार्क) असूनही गाडी उतारावर घरंगळते. हँडब्रेक ओढल्याशिवाय खाली उतरू नका.

उंची वाढवली, कॅस्टर विसरला

दोन इंचांची लिफ्ट किट बसवून आलेली गाडी हायवेला सतत डावी-उजवीकडे भरकटत असेल, तर बहुधा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी झाला आहे. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येणं, ही त्याची किमया. जिम्नीत पुढचाही अ‍ॅक्सल अखंड आहे. गाडी उचलली की तो पुढच्या बाजूला फिरतो आणि कॅस्टर घटतो. पॅनहार्ड रॉडमुळे (चौकट आणि अ‍ॅक्सल जोडणारा आडवा दांडा) अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतोही. म्हणून लिफ्टबरोबर कॅस्टरचे बुश आणि लांबी बदलता येणारा रॉड घ्या. रॉडचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना कसा, जॅकवर लटकत असताना कसले तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात. थारला पुढे स्वतंत्र डबल विशबोन आहे, तिथे प्रश्न ड्राइव्ह शाफ्टच्या कोनाचा आणि टो-इनचा (चाकं पुढून आत वळलेली असण्याचा) येतो.

स्टिअरिंग जोरात डुगडुगू लागलं की नवा डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा भाग) बसवून मोकळं व्हायची सवय आहे. डॅम्पर रोग झाकतो. इंजिन चालू, चाकं जमिनीवर, एकाने स्टिअरिंग दोन-दोन इंच डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने बाजूला बसून टाय-रॉडचे टोक, पॅनहार्डचे बुश, किंगपिन यांच्याकडे बघायचं. जो सांधा आधी हलतो आणि मग फिरवतो, तो दोषी.

डीमध्ये टाकलं आणि विसरलो

खंबाटकी असो की आंबोली, उतारावर डीमध्ये फक्त ब्रेकवर उतरणं चूक आहे. थारमध्ये मॅन्युअल मोडला तिसरा, तीव्र वळणाला दुसरा धरा. जिम्नीत ओव्हरड्राइव्ह बंद करा, उतार कडक असेल तर लिव्हर २ वर आणा. दोन्ही गाड्यांना मागे ड्रम ब्रेक आहेत. त्यात ट्रेलची वाळू अडकलेली असेल तर ते आधीच कमजोर. पाण्यातून निघाल्यावर दोन-तीनशे मीटर हलका ब्रेक धरून ते सुकवा. उतारावर एन तर कधीच नको.

चढालाही हेच. थारचा बॉक्स चौथा-पाचवा करत राहिला तर चौथा स्वतः धरून ठेवा. ओव्हरटेक करताना पाय तळाला नेऊन किकडाउनची (बॉक्स आपोआप खालचा गिअर घेण्याची) वाट बघू नका, लेनच्या बाहेर यायच्या आधीच एक गिअर खाली या, म्हणजे थारचा टर्बो भरलेला असतो आणि समोरच्या ट्रकचा अंदाजही चुकत नाही.

चढावर पार्क करताना क्रम असा: ब्रेक, एन, हँडब्रेक, ब्रेक सैल करून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्या, पुन्हा ब्रेक, मग पी. थेट पी टाकला तर सगळं वजन आतल्या एका छोट्या दातावर येतं. काढताना 'खट्' आवाज येतो तो त्याचाच.

गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभर' चालतं म्हणून बदलायचंच नाही

लाइफटाइम तेल हा शब्द डोंगरात फिरणाऱ्या गाडीला लावू नका. मॅन्युअलमधलं कठीण वापराचं वेळापत्रक पाळा. मोठा गिअरबॉक्स उत्पादक झेडएफ स्वतःच्या बॉक्सना ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं सांगतो. चिखल, वाळू, घाट असतील तर त्याच्याही आत. ड्रेन करून भरलं तर सगळं तेल निघत नाही, बरंच कन्व्हर्टरमध्ये राहतं. शडर असेल तर थोडं चालवून दुसऱ्यांदा बदला.

लेव्हल थंड गाडीत बघून भरलेलं तेल हमखास जास्त किंवा कमी असतं. डिपस्टिक नसलेल्या बॉक्सला पद्धत अशी: गाडी सपाट लिफ्टवर, इंजिन चालू, लिव्हर प्रत्येक स्थानावर दोन-तीन सेकंद थांबवत पी ते डी आणि परत, तापमान स्कॅनरवर, उत्पादकाने दिलेल्या तापमानाला लेव्हल प्लग उघडा. धार बारीक होऊन थेंब पडू लागले की बंद करा. तेलाचा प्रकार मॅन्युअलमधलाच. 'सगळ्यांना चालतं' असं सांगून दिलेलं लाल तेल घेऊ नका.

ओढा ओलांडताना तापलेला बॉक्स अचानक गार पडतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरची (बॉक्समध्ये हवा ये-जा करू देणारी) नळी पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. घरी आल्यावर दोन थेंब बघा. चांगलं तेल पारदर्शक लाल दिसतं. पाणी शिरलेलं तेल हुबेहूब सोलकढीसारखं, फिकट गुलाबी आणि दुधाळ. ते दिसलं की इंजिन सुरू करू नका, गाडी फ्लॅटबेडवर न्या. आतल्या क्लच प्लेटांचं अस्तर गोंदाने चिकटवलेलं असतं आणि पाणी ते सोडवतं. डिफरन्शियलच्या तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर तेही लगेच बदला.

रेडिएटरसमोर वाळलेला चिखल गिअरबॉक्सच्या तेलाचंही थंड होणं अडवतो. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने पत्र्या वाकतात.

कॅरियर, बुलबार आणि जादूच्या डब्या

जिम्नीचं वजनच सुमारे १२०० किलो. लोखंडी बंपर, विंच आणि छतावरचा कॅरियर मिळून शंभर किलो झाले तर आठ टक्के वाढ, त्यातलं छतावरचं सगळ्यात वाईट, कारण गाडी वळणावर कलते आणि हवा अडते. ट्रिप संपली की कॅरियर उतरवा. विंचला लोखंडी दोरखंडाऐवजी सिंथेटिक घ्या. बुलबारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदीचे आदेश दिले आहेत.

अ‍ॅक्सिलरेटरला लावायच्या डब्या ताकद वाढवत नाहीत, पेडल थोडं दाबलं तरी जास्त दाबलंय असं इंजिनाला सांगतात. शहरातल्या वाहतुकीत गाडी उड्या मारते. ईसीयू रिमॅप (इंजिनाच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलणं) टॉर्क खरोखर वाढवतो, पण पेट्रोल ऑटोमॅटिक थारला कंपनीनेच ३२० न्यूटन मीटर दिलेत. त्यावर आणखी चढवलं की आतले क्लच घसरू लागतात, आणि वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. बॅटरी काढून 'रीसेट' केल्यावर गिअर काही दिवस धक्के देत बदलले तर घाबरू नका. बॉक्स पुन्हा शिकतोय, तोवर हलक्या पायाने चालवा.