रेझ्युमेत स्वतःचे कोणते गुण लिहावेत?

‘मेहनती, प्रामाणिक, जिद्दी, सर्वांशी मिळूनमिसळून वागणारा.’ ही ओळ कुणाच्याही नावाखाली खपते, म्हणून वाचणाऱ्याची नजर तिच्यावर थांबतच नाही. नेमके गुण निवडायला तासभर पुरतो, आणि तो तास जरूर द्यावा.

सुरुवात स्वतःपासून नको, नोकरीच्या जाहिरातीपासून करा. तिच्यातल्या कामांखाली रेघ मारा : ‘ग्राहकांच्या तक्रारी सोडवणे’, ‘विविध विभागांशी समन्वय’, ‘नोंदी ताडून पाहणे’. प्रत्येकासमोर त्याला लागणारा गुण लिहा. जो गुण दोनतीनदा येईल, त्यावर खूण करा.

मग दुसऱ्या कागदावर तुमचे गुण. सुचत नसतील तर बरोबर काम केलेल्या दोघातिघांना विचारा. मात्र ‘माझे गुण सांग’ असं विचारू नका. भिडेखातर लोक गोड बोलतात. ‘अडलं की तू माझ्याकडे कशासाठी येतोस?’ असं विचारलंत की खरं उत्तर मिळतं.

दोन्ही कागदांवर असलेले गुण घ्या आणि आता कठोर व्हा. प्रत्येकासमोर एक प्रसंग लिहा : काय अडलं होतं, तुम्ही काय केलंत, काय फरक पडला. प्रसंग आठवत नसेल तर तो गुण खोडा. मुलाखतीत ‘एखादं उदाहरण सांगा’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तिथे गप्प बसण्यापेक्षा तो शब्द नसलेला बरा. शेवटी तीन ते पाच गुण उरले की पुरे.

लिहिताना विशेषण काढून काम मांडा. ‘बारकाईने काम करते’ याऐवजी : ‘दरमहा सुमारे ४०० बिलं नोंदींशी ताडून पाहिली, दुबार बिलं पैसे जाण्याआधीच थांबवली.’ बारकाई हा शब्द न लिहिताही ती दिसते. आकडा खरा असावा, आणि तो कसा काढला हे सांगता यावं. नसेल आठवत, तर आकड्याविना लिहा.

एकदोन गुण वरच्या दोनतीन ओळींच्या परिचयात, बाकीचे अनुभवाखालच्या ओळींत. ‘स्वभाव’ असा वेगळा रकाना नको. त्यात गुण एकीकडे आणि पुरावा दुसरीकडे पडतो. अनेक ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअरमधून जातो आणि शब्द शोधले जातात, म्हणून जाहिरातीत ‘समन्वय’ असेल तर तुम्हीही ‘समन्वय’च लिहा, ‘ताळमेळ’ नको.

अनुभव नसला तरी अडत नाही. ‘वर्षभर आठवड्यातून ३ दिवस शाळकरी मुलांची शिकवणी घेतली’ या एका ओळीत सातत्यही आहे आणि संयमही.

गडबड कुठे होते? ‘बारकाईने काम’ म्हणायचं आणि खाली नोकरीच्या तारखा जुळत नाहीत. ‘नेतृत्व’ लिहायचं, पण किती जणांचं, कशासाठी, याचा पत्ता नाही. प्रामाणिकपणा तर गृहीतच धरलेला असतो. रोख रक्कम किंवा गोपनीय कागद सांभाळले असतील, तर ती जबाबदारी लिहा.

जाहिरात बदलली की निवड पुन्हा करा. प्रसंग तेच राहतील, बाजू बदलेल. बिलांचंच काम ग्राहकसेवेच्या अर्जात असं येईल : ‘बिलांतल्या चुकांबद्दल पुरवठादारांशी फोनवर बोलून वाद मिटवले.’