कॅनडात इलेक्ट्रोमेकॅनिकल करायचंय? मग आधी काळी वायर विसरा

मी इचलकरंजीचा, बारावी सायन्स करून ओन्टारियोतल्या एका कॉलेजात इलेक्ट्रोमेकॅनिकलचा (वीज आणि मशीन दोन्ही) दोन वर्षांचा डिप्लोमा केला. गावाकडून सारखं कोणी ना कोणी विचारतं की हे नक्की काय असतं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे यातून इंजिनियर होत नाही. इकडे लायसन्स असल्याशिवाय स्वतःला तसं म्हणवून घेता येत नाही, दोन वर्षांचा कोर्स टेक्निशियनचा आणि तीन वर्षांचा टेक्नॉलॉजीचा. बाबा पाहुण्यांना काय सांगायचं ते सांगू देत, तुम्ही रेझ्युमेवर लिहू नका.

मोटर, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), न्यूमॅटिक्स (हवेच्या दाबावर चालणारं), हायड्रॉलिक्स (तेलाच्या दाबावर चालणारं), थोडं लेथ-मिलिंग असं सगळं असतं. गणिताचं टेन्शन नको, बारावी नीट केली असेल तर पहिलं सेम निघून जातं. घाम फुटतो तो लॅबमध्ये. माझा पार्टनर चाळिशीचा, आधी फोर्कलिफ्ट चालवायचा, त्याला ओमचा नियम मी दोनदा समजावला पण स्टार्टरचं वायरिंग करून तो कॉफी पिऊन यायचा तरी माझं वायर सोलणंच चालू.

आणि रंग! आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल हे डोक्यात फिट. इकडे काळी लाईव्ह, न्यूट्रल पांढरी. दुसऱ्याच आठवड्यात मी काळी वायर सरळ न्यूट्रलच्या पट्टीवर कसत होतो, पॉवर बंद होती म्हणून वाचलो. सरांनी (सर म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही, नावाने हाक मार म्हणायचे, मला सहा महिने जमलं नाही) ती सोडवली, पॉवर दिली आणि माझ्याच हातात मीटर देऊन 120 व्होल्ट बघायला लावले. एक शब्द बोलले नाहीत. मोटरच्या प्लेटवर पण 1725 आरपीएम बघून मला वाटलं छपाई चुकली, आपल्या लूमच्या मोटरवर 1440 असतं ना, मग कळलं इकडे वीज 60 हर्ट्झची आहे, आपल्यापेक्षा जास्त, म्हणून मोटरही जास्त वेगाने फिरते.

पीएलसीत सगळे एकाच ठिकाणी अडकतात ते स्टॉप बटण. बटण नॉर्मली क्लोज्ड असतं, म्हणजे न दाबता त्यातून सिग्नल चालू असतो, त्यामुळे लॅडरमध्ये (पीएलसीच्या शिडीसारख्या दिसणाऱ्या प्रोग्राममध्ये) ते ओपन कॉन्टॅक्टसारखं, म्हणजे सिग्नल असेल तरच पुढे जाऊ देणारं, टाकायचं, आणि हे उलटं वाटतं. पण विचार करा, बटणाची वायर तुटली तर सिग्नल जातो आणि मशीन आपोआप थांबतं, उलट केलं असतं तर तुटलेल्या वायरवर बटण दाबत बसा, मशीन चालूच. हे मला कळायला एक आख्खी रात्र गेली.

यायच्या आधी महिनाभर एखाद्या रिवाइंडिंगवाल्याकडे किंवा पॅनलवाल्याकडे फुकट राबा, कुठल्याही ऑनलाइन कोर्सपेक्षा उपयोगी पडेल. को-ऑपचा (शिकता शिकता कंपनीत काम करायचा) ऑप्शन असेल तर सोडू नका, मला पहिली नोकरी तिथूनच लागली.

सेफ्टी शूज मात्र इकडेच घ्या. हिरवा सीएसएचा (इकडच्या सेफ्टी स्टँडर्डचा) त्रिकोण नसेल तर लॅबच्या दारातूनच परत पाठवतात, आईने हौसेने घेऊन दिलेले माझे अजून कपाटात पडलेत, 9 नंबर, कोणाला बर्फ उपसायला हवे असतील तर सांगा.