रोलप्ले समूहाच्या लेखन-चाचणीची तयारी

लिहून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन रोलप्लेचे, म्हणजे प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन मिळून कथा लिहिण्याच्या खेळाचे, जे समूह आपल्या कथेची काळजी घेतात, ते नव्या सभासदाला थेट प्रवेश देत नाहीत. आधी एक प्रसंग देऊन त्यावर नमुना-लेखन मागतात. यालाच ऑडिशन म्हणतात. अर्जदाराची समजूत बहुधा अशी असते की, येथे आपल्या भाषेचा फुलोरा तपासला जाणार आहे. असे नमुने वाचण्याचे काम मी काही वर्षे केले आहे, आणि मी परत पाठवलेल्या नमुन्यांपैकी बहुतेकांची भाषा चांगलीच होती. उणीव एवढीच होती की, त्यांत दुसऱ्या लेखकाला पाय ठेवायला जागा नव्हती.

या जागेचे महत्त्व खेळाच्या घडणीतच आहे. १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आला, तेव्हापासून टेबलाभोवती बसून खेळणाऱ्यांचा वार लागला की चुकला, याचा निवाडा फासे करत आले आहेत आणि मतभेद झाल्यास खेळ चालवणारा सूत्रधार समोर असतो. केवळ लेखनावर चालणाऱ्या रोलप्लेमध्ये बहुधा फासे नसतात. तेथे एक जण परिच्छेद लिहितो, दुसरा त्याला उत्तर देतो आणि फाशांचे काम लिहिणाऱ्याच्या संयमाला करावे लागते. परीक्षक तुमच्या नमुन्यात हा संयम शोधत असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, प्रसंग असा दिला आहे: घाटमाथ्यावरची सराई, मुसळधार पाऊस, पूल वाहून गेला आहे आणि तुमचे पात्र आत येते. सराईचा मालक हे पात्र परीक्षकाचे आहे. पहिला अर्जदार लिहितो:

“रुद्रसेनाने लाथेने दार उघडले. त्याला पाहताच मालक थरथर कापू लागला. रुद्रसेनाने क्षणात त्याच्या गळ्याला तलवार लावली आणि मालकाने निमूटपणे तिजोरीची किल्ली काढून दिली.”

वाक्ये चुकीची नाहीत, वेगही आहे. पण मालकाने घाबरायचे, त्याने हलायचे नाही आणि किल्ली द्यायची, हे सगळे अर्जदारानेच ठरवून टाकले. परीक्षकाला लिहायला काहीच उरले नाही. दुसऱ्याचे पात्र असे परस्पर चालवण्याला या वर्तुळात पॉवरप्ले म्हणतात, तर आपले पात्र अजिंक्य करून ठेवण्याला गॉडमॉडिंग. आता दुसरा नमुना पाहा:

“रुद्रसेनाने दार पाठीने लोटून बंद केले आणि तो चुलीजवळच्या बाकापर्यंत गेला, पण बसला नाही. अंगावरची ओली घोंगडी त्याने काढली नाही, आणि तिच्याखालचा डावा हातही बाहेर आला नाही. ‘पूल गेला,’ तो मालकाकडे न बघता म्हणाला. ‘माझ्या आधी कोणी आलंय का इथे? करड्या घोड्यावरून?’”

येथे मालकाच्या लेखकाला किती वाटा मोकळ्या आहेत ते मोजून पाहा. तो खरे सांगू शकतो, खोटे बोलू शकतो, आधी भाड्याचे पैसे मागू शकतो किंवा त्या लपवलेल्या हाताकडे रोखून पाहू शकतो. रुद्रसेन घाबरलेला आहे, हे शब्दाने कोठेही सांगितलेले नसून ते दिसते. झटापटीचा प्रसंग असला, तरी हाच नियम पाळावा. मराठीत तर यासाठी तयार शब्द आहेत: ‘मारले’ न लिहिता ‘हात उगारला’ लिहावे आणि तो हात कोठे पडतो, ते समोरच्याला ठरवू द्यावे.

आपल्या पात्राला जे ठाऊक असणे शक्य नाही, ते त्याला कळू देऊ नये. मालकाच्या पात्र-परिचयात तो पूर्वी दरोडेखोर होता असे तुम्ही वाचले असेल. रुद्रसेनाने ते वाचलेले नाही. तसेच पात्राचे बालपण पहिल्याच उताऱ्यात तीन परिच्छेदांत सांगण्याचा मोह आवरावा, कारण भूतकाळावर समोरच्या पात्राला काही करता येत नाही.

लेखनाला बसण्यापूर्वी नियमावली अथपासून इतिपर्यंत वाचावी. अनेक समूह नियमांच्या मध्येच एखादा सांकेतिक शब्द पेरून ठेवतात आणि तो अर्जात लिहायला सांगतात. तो नसेल, तर पुढचा नमुना वाचलाही जात नाही. किमान शब्दसंख्या, वयाची अट आणि तृतीयपुरुषी भूतकाळात लिहायचे की कसे, हेही तेथेच मिळते.

पात्राच्या माहितीत ‘दोष’ असा रकाना असतो. तेथे ‘अतिप्रामाणिक’ किंवा ‘इतरांसाठी फार झटतो’ असे लिहिणे म्हणजे गुणच दोनदा लिहिणे होय. ज्यामुळे पात्राचे प्रत्यक्ष नुकसान होते आणि जे दुसऱ्या पात्राला वापरता येते, ते खरे व्यंग. रुद्रसेनाला उजव्या कानाने ऐकू येत नाही, एवढ्यावर निम्मी कथा उभी राहू शकते.

यांतील बहुसंख्य समूह इंग्रजीत चालतात, म्हणून मराठीत विचार करणाऱ्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. मराठी क्रियापद लिंग-वचन सोबत आणते, त्यामुळे कर्ता गाळला तरी आपले सहसा अडत नाही. इंग्रजीत दोन पुरुषपात्रे समोरासमोर आली की, ‘he’ म्हणजे नेमके कोण, हे दुसऱ्याच वाक्यात कळेनासे होते. तेथे नाव पुन्हा लिहिण्याचा कंटाळा करू नये. समूह मराठी असेल, तर तू, तुम्ही आणि आपण यांची निवड हाच अर्धा पात्रपरिचय असतो.

किती दिवसांनी उत्तर द्याल, या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते; तेथल्या सोबत्याबरोबर रोज लिहिण्याचा शब्द देऊन आठवड्यात गप्प होणाऱ्यापेक्षा, आठवड्यातून दोनदा नक्की लिहीन म्हणणारा समूहाला हवा असतो. नमुना नाकारला गेला, तर कारण नम्रपणे विचारावे आणि पुढच्या वेळी जुन्यालाच ठिगळे न लावता नवा लिहावा.

नमुना पाठवण्यापूर्वी तो एखाद्या मित्राला वाचायला द्या आणि मालकाच्या वतीने पुढच्या चार ओळी लिहायला सांगा. “आता मी काय लिहू?” असे त्याने विचारले, तर शेवटचा परिच्छेद पुन्हा लिहा. त्याने काही न विचारता लिहायला सुरुवात केली, तर त्याच दिवशी अर्ज पाठवा.